धाकट्याच्या गोठ्यावरची पिवळी पाटी

धाकट्याच्या गोठ्यावर पिवळी पाटी लागली आणि थोरल्याच्या घशाखाली चहा उतरेना. ‘सावधान, ॲस्बेस्टॉस’ असं पाटीवर ठळक लिहिलेलं होतं. छपराच्या सिमेंटच्या पत्र्यांत हा धागा असतो, पत्रा फुटला की त्याची धूळ उडते आणि ती छातीत जाऊन बसली तर माणसाला घेऊनच जाते. एखाद्याचा भाऊ हे वाचून हळहळला असता. थोरला मात्र जळला. पाटी लावायला सरकारी गाडी आली होती, तोंडाला मास्क बांधलेली बाई शिडीवर चढली होती, पत्र्यांचे फोटो निघाले होते आणि बघ्यांनी सगळा बांध भरला होता. एवढं सगळं, आणि तेही धाकट्याकडे.

"बाबांनी चांगलं ते सगळं त्यालाच दिलं," तो बायकोला म्हणाला.

"अहो, विष आहे ते."

"असेल. पण दिलं त्यालाच ना?"

दोन्ही गोठे वडिलांनीच बांधलेले, मध्ये फक्त बांध. वाटणीत एक याला गेला, एक त्याला. वडिलांचा जीव कोणावर जास्त होता, हा किडा तेव्हापासून थोरल्याच्या डोक्यात वळवळत होता आणि त्याचं उत्तर त्याला पत्र्यांतही दिसत होतं.

पाहणीवाली बाई त्याच्याकडेही आली. छपराचा कोपरा ओला करून तिने चिमूटभर तुकडा काढला, पिशवीत घातला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली आणि तपासायला नेली. बांधावर बघायला कुत्रंसुद्धा आलं नाही. पुढच्या आठवड्यात ती निकाल घेऊन आली.

"तुमच्याकडे काही नाही. हे पत्रे नंतरचे, बिनॲस्बेस्टॉसचे आहेत. निश्चिंत राहा."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मॅडम, नीट बघितलंत ना? कुठं कोपऱ्यात थोडंफार असेल."

"काही नाही म्हटलं की लोक हात जोडतात," बाई म्हणाली. "तुम्ही वाद घालताय."

धाकट्याला मात्र ती पुन्हा अर्धा तास समजावत बसली. पत्रे शाबूत आहेत तोवर काढायची गरज नाही. त्यांना भोक पाडू नका, घासू नका, वर चढू नका, मी दरवर्षी येऊन बघून जाईन. मागे जुने फुटके तुकडे पडलेत, त्यावर प्लास्टिक घातलंय, ते आमची माणसं येऊन नेतील, तोवर हात लावायचा नाही. ‘दरवर्षी’ हा शब्द बांधापलीकडे थोरल्याच्या काळजात रुतला.

दुसऱ्या दिवशी धाकटा बाजाराला गेला. थोरल्याने भरदुपारी हातगाडी काढली, प्लास्टिक उचललं आणि त्यातले दोन मोठे तुकडे स्वतःच्या गोठ्यात आणले. ते माळ्यावर मावेनात, म्हणून हातोडीने फोडले. धूळ उडाली, ती त्याने झाडूने नीट झाडली. खाली वैरण होती, तिच्यावरही बसली. मग त्याने हात झटकले आणि बाईंना फोन लावला.

"मॅडम, माळ्यावर बघायचं राहिलं तुमचं. बाबांच्या वेळचं आहे."

बाई शिडीवरून डोकावली आणि तशीच खाली उतरली. तिने आधी मास्क चढवला, मग विचारलं, "फुटलेल्या कडा पांढऱ्याशुभ्र आहेत. हे कधी फुटलं?"

"जुनंच आहे."

"आणि तुमच्या मिशांवर काय आहे?"

थोरल्याने मिशांवर हात फिरवला. बोटं पांढरी झाली.

पुढे सगळं फार भराभर झालं. गोठा बंद, दाराला पट्टी. वैरण बाद. साफ करणारी माणसं येईपर्यंत आत कोणी पाऊल टाकायचं नाही. थोरल्याचे कपडे ओले होऊन पिशवीत गेले आणि त्याला नळाखाली उभं केलं गेलं. बांधावर या वेळी भरपूर माणसं होती, धाकट्याच्या वेळेपेक्षा जास्तच. पण थोरला तेव्हा चड्डीवर असल्यामुळे त्याला ती मोजावीशी वाटली नाहीत.

"गुरं कुठं बांधायची?" बायकोने कपाळाला हात लावून विचारलं.

"शेजारच्या गोठ्यात," बाई म्हणाली. "तिथलं छप्पर शाबूत आहे, तिथं काही भीती नाही."

संध्याकाळी थोरल्याची गुरं धाकट्याच्या दावणीला होती आणि धाकट्याचा शर्ट थोरल्याच्या अंगात. शर्ट पोटावर लागत नव्हता. धाकटा बाजूला येऊन बसला. त्याने मागचं प्लास्टिक सरकलेलं बघितलं होतं.

"दादा, एक सांगू? तुझ्या पत्र्यांत काही नाही असं बाई म्हणाली ना, तेव्हापासून मला झोप नाही."

"का?"

"बाबांनी तुला बिनधोक छप्पर दिलं आणि मला विषाचं. जीव तुझ्यावरच होता त्यांचा. सांगतो खरं, जळलो मी."

थोरल्याने वळून आपल्या बंद गोठ्याकडे पाहिलं. आज दुपारपर्यंत तो धाकट्याच्या डोळ्यांत खुपत होता.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू खूश झाला असतास," धाकटा म्हणाला. "ते मला बघवलं नसतं."