साहेब गेले की सगळं खरं

सोमीने आपल्या घराबद्दल ॲपवर नऊ ओळी लिहिल्या होत्या, नऊच्या नऊ खऱ्या. आणि शनिवारी सकाळी, पाहुणे यायला दोन तास उरले असताना, त्यातल्या पाच एकापाठोपाठ एक खोट्या पडत गेल्या.

आधी नळाला पाणी आलं. ओट्यासमोरचा हा नळ बसवून तीन वर्षं झाली होती, आणि इतक्या दिवसांत त्यातून बाहेर पडल्या त्या फक्त मुंग्या. मग घरातला दिवा लागला तो जाईचना. मग पाड्याच्या रस्त्यावर मुरूम पडला आणि वर रोलर फिरला. दहाच्या सुमाराला तर अंगणात उभ्या असलेल्या गोरखच्या खिशात फोन वाजला. आपला फोन अंगणात वाजू शकतो हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. तो दचकला आणि मागे वळून कोण आलं ते बघायला लागला.

"अरे, तुजा वाजतोय!" सोमी ओरडली. "कुनाचा हाय?"

"मुकादमाचा," फोन ठेवून गोरख म्हणाला. "सोमवारी टेम्पो येतोय. भट्टीवर येता का नाय ते कळवा म्हनतो."

दरसाल दिवाळी सरली की सोमी आणि गोरख ही नवराबायको भिवंडीच्या बाजूला वीटभट्टीवर जायची ती थेट पावसाच्या तोंडाला परत यायची. यंदा जायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. घराला लागून दोन खोल्या काढल्या, सारवल्या, खाटा टाकल्या आणि मुंबई-ठाण्याच्या पाहुण्यांसाठी घर एका ॲपवर चढवलं. फॉर्म भरायला बसला गोरख, आणि तिथेच घोटाळा झाला. पाहुण्याला 'नाही' म्हणणं गोरखच्या जिभेला जमत नसे. वाय-फाय? हो. गरम पाणी? हो. पोहण्याचा तलाव? हो, खाली नदी होती ना! पहिले पाहुणे पोहायचे कपडे घेऊन आले, नदीत घोटाभर पाणी बघून तक्रार करून गेले. दुसऱ्यांनी वाय-फाय शोधला आणि तेही तक्रार करून गेले. कंपनीने कळवलं की माहिती चुकीची असल्याची आणखी एक तक्रार आली तर घर ॲपवरून काढून टाकू. म्हणजे घर ॲपवरून उतरलं की यांनी टेम्पोत चढायचं.

तेव्हा सातवी शिकलेल्या सोमीने नवऱ्याच्या हातून फोन काढून घेतला आणि स्वतः लिहिलं: 'रस्ता शेवटी फार खराब. मागे बसणाऱ्याने डोकं सांभाळावं. वीज दुपारी जाते, यायची वेळ तिची ती ठरवते. नळ आहे, पाणी नाही. पाणी विहिरीवरून डोक्यावर आणतो. घरात नेटवर्क नाही. मागच्या दगडावर चढलं तर एक काडी येते. कोंबडा पहाटे चारला आरवतो, ऐकत नाही. वरची माहिती खरी आहे.' दोन आठवडे कोणी फिरकलं नाही. मग ठाण्याच्या टीना मॅडमनी दोन दिवसांसाठी घर घेतलं.

आणि आज हे असं! शेजारची फागी डोक्यावर हंडा, काखेत कळशी घेऊन धावतच आली.

"बगतेस काय? भर पानी! वरचा साहेब येतोय मोबाईलच्या टॉवरचा उद्घाटन कराया. उद्या चारपर्यंत मुक्काम हाय. तोवर सगळा चालू ठेवनार!"

तो टॉवर टेकडीवर दोन वर्षं नुसता उभा होता. गुरं त्याला पाठ घासत. सोमीने घाईघाईने आपल्या ओळी मनात मोजल्या. रस्ता गेला, वीज गेली, म्हणजे आली, नळ, नेटवर्क... "कोंबडा तरी हाय ना?" तिने विचारलं.

गोरख खाली बघायला लागला. "सरपंच आलंवतं सकाळी. साहेबाला गावठी लागतं म्हनलं."

"आनि तू दिलास?"

"नाय कसा म्हनू?"

सोमीने कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात गाडी आली. गुळगुळीत रस्त्यावरून आवाजसुद्धा न करता आली. मागच्या सीटवरून टीना मॅडम उतरल्या. त्यांनी माहिती वाचून डोक्याला ओढणीने चक्क उशी बांधून घेतली होती. त्या उशीची गाठ सोडत असतानाच त्यांच्या नवऱ्याचा, तुषारचा, फोन वाजला.

"अगं, फुल रेंज आहे इथे!" तो आनंदाने म्हणाला आणि बोलत बोलत परसदारी गेला तो जेवायलाच आला. जेवतानाही एक कान फोनलाच होता.

दुपार टळली तरी दिवा जाईना. टीना मॅडम ओट्यावर बसून धो धो वाहणाऱ्या नळाकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी सोमीला हाक मारली.

"ताई, मी हे घर कशासाठी घेतलं माहीत आहे? हा माणूस सहा महिने माझ्याशी सलग दहा मिनिटं बोललेला नाही. नेटवर्क नाही, वीज जाते, हे वाचून घेतलं. आणि इथे तर आमच्या सोसायटीपेक्षा जास्त सोयी! लोक नसलेल्या सोयी लिहितात, तुम्ही असलेल्या लपवता? गरिबी दाखवून गिऱ्हाईक ओढायचं?"

सोमीला ते फार लागलं. "साहेब येनार म्हनून हाय मॅडम," असं ती म्हणाली खरी, पण टीना मॅडमनी नुसतं तोंड वाकडं केलं. सबबी सगळेच सांगतात.

मग मात्र सोमीने पदर खोचला. माहिती खोटी पडत असेल तर जमेल तेवढी आपण खरी करायची! तिने हंडा घेतला आणि वाहत्या नळावरून, सगळा पाडा तिथे बादल्या, पिंप, पातेली, कढया घेऊन उभा असताना, ताठ मानेने विहिरीकडे गेली. शनिवारी चार खेपा, रविवारी चार खेपा. बायका तोंडात बोटं घालून बघत राहिल्या. "सोमीला काय झालाय?" फागी म्हणाली.

वीज घालवायचं काम गोरखकडे होतं. तो शनिवारीच डीपीपाशी गेला तर वायरमन जिवा डीपीखालीच घोंगडी पसरून बसलेला.

"जिवा, एक फ्यूज काढ ना. तासभर."

"दादा, डोका फिरलाय काय तुजा? साल सरलं तुमी मला शिव्या देता वीज जाते म्हनून!"

"आज नाय देनार. काढ."

"उद्या चारपर्यंत वीज गेली तर मी पन गेलो. हात नको लावूस!" जिवाने काठी उचलली, आणि गोरख हात हलवत परत आला.

राहता राहिला कोंबडा. पहाटे चारला गोरख कुडाच्या मागे उकिडवा बसला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जीव खाऊन आरवला. दुसऱ्यांदा आरवला, तर शाल गुंडाळलेला तुषार फोन कानाला लावून समोरच उभा.

"दादा, जरा हळू," तो कुजबुजला. "मीटिंग चालू आहे. आमचा अमेरिकेचा साहेब विचारतोय, कोंबडा आजारी आहे का म्हणून."

रविवारी जेवणं झाली आणि टीना मॅडमनी बॅगा भरल्या. मग फोन उघडला. 'माहिती खरी होती का?' असं त्यावर विचारलेलं सोमीला लांबूनही वाचता आलं. सोमी हातातलं खरकटं ताट तसंच घेऊन पुढे गेली.

"मॅडम, एक मागते. चारपर्यंत थांबा. चारला साहेबाची गाडी खाली उतरेल. मग बगा, मी लिवलंय त्यातला एक शब्द जरी खोटा निगाला तर तुमी काय पन लिवा."

नळ सोडून विहिरीवर जाणारी ही बाई टीना मॅडमनी दोन दिवस पाहिली होती. त्यांनी घड्याळ बघितलं आणि त्या ओट्यावर बसल्या.

चार वाजले. काही झालं नाही. सव्वाचार झाले, नळ वाहतच होता. तुषार अंगणात येरझाऱ्या घालत फोनवर कुणाला तरी आकडे समजावत होता. गोरखने खांबाला डोकं टेकलं. भट्टीतला धूर सोमीच्या नाकात आत्ताच जायला लागला. चार वीसला टेकडीवरून गाड्यांची रांग कालचा मुरूम उखडत, धूळ उडवत खाली गेली आणि घाटाकडे दिसेनाशी झाली.

दिवा गेला.

मग नळाने दोनदा ढेकर दिला आणि तो थांबला. "हॅलो? हॅलो?" तुषार म्हणाला. त्याने फोन कानापासून दूर धरून बघितला, वर धरला, हलवला. टॉवरला बॅटरी बसवायची राहूनच गेली होती. अख्ख्या पाड्यातून "आरं गेली! गेली!" असा एकच ओरडा उठला; आणि त्यात एका ओट्यावरून टाळ्या वाजल्या. टाळ्या सोमीच्या होत्या आणि तिच्या मागोमाग टीना मॅडमच्या.

तुषारने फोन खिशात टाकला. मग बायकोजवळ येऊन बसला.

"थंडी आहे गं इथे," तो म्हणाला.

"दोन दिवस झाले," टीना मॅडम म्हणाल्या. पण शालीचं एक टोक त्यांनी त्याच्याकडे सरकवलं, आणि निघायचे ते सहा वाजता निघाले.

जाण्याआधी त्या मागच्या दगडावर चढल्या. लिहिल्याप्रमाणे एक काडी आली. त्यांनी पाचही चांदण्या दिल्या आणि खाली लिहिलं, 'माहिती अक्षरशः खरी. फक्त साहेब येणार आहेत का, ते आधी विचारून घ्यावं.' सोमीने ते तीनदा वाचून घेतलं. मग गोरख दगडावर चढला, त्याने मुकादमाला फोन लावला आणि जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी "नाय" म्हटलं. एकदा म्हटल्यावर चव लागली असावी. तो ते चारदा म्हणाला.

संध्याकाळी सोमी स्वयंपाकाला बसली तर घरात तांदूळ धुवायलाही पाणी नव्हतं. विहिरीवरून आणलेलं पाहुण्यांनाच पुरलं होतं. समोर फागीच्या दारात दोन पिंप, तीन बादल्या, एक कढई काठोकाठ भरून ठेवलेली.

"दोन दिस धो धो पानी व्हता सोमी," फागी हळहळून म्हणाली. "तू एक कळशी पन नाय भरलीस?"

तीन वर्षं ज्या पाण्यासाठी सोमीने त्या नळाला नवस बोलायचे तेवढे बाकी ठेवले होते, ते दारात आलं आणि आपण दोन दिवस ते जावं म्हणून देवाची आळवणी केली, आणि गेल्यावर टाळ्या पिटल्या. तिला लाज वाटली आणि मग हसूही आवरेना. तिने हंडा उचलला. गोरखने दुसरा घेतला.

नळावरून जाताना तिने सहज तोटी फिरवून बघितली. एक मुंगी बाहेर आली.