अक्कांची मिरची आणि शेठजींचं विमान

आमच्या शांताक्का, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, विमानाशी भांडतात. खोटं नाही सांगत. नागपूरजवळ उमरेड रोडला त्यांच्या वावराला लागूनच एका शेठजींची खाजगी धावपट्टी आहे. विमान डोक्यावरून गेलं की अक्का खुरपं उगारून ओरडणार, "काहून गा, एवढी कायची घाई हाय तुले?"

ते विमान उडायचं आठवड्यातून एकदा. बाकी दिवस ते गुळगुळीत डांबर रिकामंच. मग अक्का तिथं ताडपत्री टाकून लाल मिरची वाळवायच्या. "रिकामं ठेवून का लोणचं घालता त्याचं?" चौकीदारानं शिट्टी मारली की मिरची गोळा करून ह्या मोकळ्या.

यंदाच्या उन्हाळ्यात ते विमान धावलं, झाडाएवढं वर गेलं आणि कलंडून थेट अक्कांच्या वावरात पडलं. चालवणारी पोरगी विशीतली. तिला अक्कांनीच ओढून बाहेर काढलं, मोडलेला हात स्वतःच्या पदरानं बांधला.

अन् शेठजींचा मॅनेजर काय म्हणाला ठाऊक? म्हणे इंजिनात मिरची गेली! अहो, मिरची केव्हाच उचलून ओसरीवर आणली होती. मी त्या दिवशी माझ्या घरून, बेशाहून खास त्यासाठीच गेले होते, देठं खुडत बसले होते! विमान तुमचं, इंजिन तुमचं, आणि दोष म्हाताऱ्या बाईच्या मिरचीचा? माझं तर डोकंच फिरलं.

मग अक्कांनी विमान-अपघाताची चौकशी करणाऱ्या नागपूरच्या ऑफिसात खेटे सुरू केले. सोबत मी. "लिहून द्या साहेब, मिरची पट्टीवर नोती."

"मावशी, चौकशी चालू आहे."

"चालू हाय तं आवाज काहून येत नाही?"

चार महिन्यांनी कागद हाती आला. पेट्रोलमध्ये पाणी होतं म्हणे. मिरचीचं नावसुद्धा नाही! मी पदर खोचला. "चला अक्का, त्या मॅनेजरच्या टेबलावर आपटू हा कागद!"

अक्का जागच्या हलेनात.

"पुन्हा वाच वं."

वाचलं.

"एखांदी मिरची मांगं राहून गेली असंन, असं तं नाही लिवलं?"

"नाही हो."

"मंग त्या पोरीचा हात माह्यापायी नाही मोडला?"

"नाही अक्का, तुमच्यापायी नाही."

 अक्का ऑफिसच्या पायरीवरच बसल्या. "अजून एक डाव वाच," म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला.