एका भाताचे सहा लेखक

"या वेळी आपल्या घरातल्या एकाचंही नाव राहून जाणार नाही!" कल्पेशने छातीठोकपणे जाहीर केलं. खरं तर त्याच क्षणी दिपिकाने त्याच्या हातातून लॅपटॉप काढून घ्यायला हवा होता.

कल्पेश वसईतल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा, पण अजून तात्पुरता. चांगल्या संशोधनपत्रिकेत पेपर छापून आला की नोकरी पक्की होणार होती. त्यासाठी त्याने श्रीपतकाकांच्या खाडीकाठच्या जमिनीत भाताचे वेगवेगळे वाण लावले आणि काय सांगावं, चमत्कारच झाला! बाकीच्या खाचरांत खाऱ्या पाण्याने भाताने माना टाकल्या, पण तिसऱ्या खाचरातला भात हिरवागार डोलत राहिला. कल्पेशने घाईघाईने पेपर लिहिला आणि वर लेखक म्हणून सहा नावं घातली. स्वतःचं, जमीन दिली म्हणून श्रीपतकाकांचं, चहा-भाकरी पुरवली म्हणून शकूआत्याचं, बाइकवरून ने-आण केली म्हणून काकांच्या मुलाचं, मितेशचं, टायपिंग केलं म्हणून बायकोचं, दिपिकाचं आणि शेवटी लेकीचं, खुशीचं.

"अहो, ही लग्नपत्रिका नाही!" दिपिका म्हणाली. "नियमात स्पष्ट लिहिलंय. ज्याने संशोधन केलं आणि जो त्याची जबाबदारी घेतो, तोच लेखक. खुशी बालवाडीत आहे!"

"पत्रिकेत तिचं 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' चालतं, मग इथेच काय झालं? आणि मितेशच्या हळदीच्या पत्रिकेत शकूआत्याचं नाव राहिलं होतं, ते विसरलीस?"

ते कोण विसरणार! आत्या हळदीला आली, मांडवाच्या दारात खुर्ची टाकून बसली आणि पाण्याचा थेंबही न घेता परत गेली. तेव्हापासून घरात बारसं असो की सत्यनारायण, तिचा पहिला प्रश्न एकच असतो, "माजा नाव हाय ना?" दिपिकाने हात टेकले. पेपर गेला.

काही दिवसांनी पुण्याहून संपादकबाईंचा मेल आला. 'छापण्यापूर्वी सर्व लेखकांशी व्हिडिओवर बोलायचे आहे.' हे नावांवरूनच आहे, हे कल्पेशने ओळखलं. पण घरी त्याने एवढंच सांगितलं, की पुण्याच्या बाई सगळ्यांशी बोलणार आहेत. झालं! घराने परस्पर ठरवून टाकलं, की हा सत्कार आहे.

ठरल्या वेळी श्रीपतकाका हळदीतला पांढराशुभ्र शर्ट आणि गळ्यात साखळी घालून हजर. शकूआत्या आगाशीहून एसटीने गजरा माळून आली. आगाशीच्या बाजारात मितेशचं बॅनर छापायचं दुकान. तो येताच कानात कुजबुजला, "दादा, एक सरप्राइज आहे. आता विचारू नकोस!"

स्क्रीनवर बाई आल्या. चष्म्यातून त्यांनी गजऱ्यापासून साखळीपर्यंत सगळं शांतपणे पाहिलं.

"श्रीपतराव, या संशोधनात तुमचा वाटा काय?"

"वाटा? जमीन माजीच, बाई! वाटा कशाला मागू?"

"आणि शकुंतलाबाई, तुमचा?"

"पेरनीला हितंच ऱ्हायली होती, तवा बियानाच्या पिशव्या मीच सांभालल्या," आत्या पदर सावरत म्हणाली. "ही खुशी हाय ना, रोज त्यातला भात चिमन्यांना टाकायची. पिशवी हलकी झाली म्हनून मीच डब्यातला मूठमूठ भात टाकून भरती केली. कल्पेशला कमी नाय पडू दिला!"

कल्पेशने डोळे मिटले. वजन करून ठेवलेले नमुने होते ते!

"मी चिमणीला दिला!" खुशीने टाळ्या पिटल्या. स्वतःचा वाटा एका वाक्यात नेमका सांगणारी ती एकटीच लेखिका.

बाईंचा आवाज कडक झाला. "सर, संशोधन न केलेल्यांना लेखक करणं हा गैरप्रकार आहे. मला हे तुमच्या कॉलेजला कळवावं लागेल."

नोकरी गेली! पुतण्याचा चेहरा पडलेला पाहून काका पेटले. ते खुर्ची सरकवून स्क्रीनसमोर आले.

"बाई, आमी काय फुकट नावा लावली नाय! पोरगा कॉलेजात शिकवायचा तवा भात कोनी जगवला? पाऊस गेला न् तिसऱ्या खाचरातला भात पिवला पडला. मना बघवला नाय. रोज सांजच्याला मोटर चालू करून विहिरीचा गोडा पानी सोडला! तवा तो उभा ऱ्हायला!"

कल्पेश झटकन काकांकडे वळला.

"काका," त्याने विचारलं, "तिसऱ्या खाचरालाच का?"

"पाइप तवडाच पुरला!"

म्हणजे चमत्कार बियाण्याचा नव्हता, पाइपाचा होता! आणि हे छापून आलं असतं तर? खाडीकाठचे शेतकरी ते बियाणं नेऊन खाऱ्या जमिनीत लावून बसले असते.

"बाई, पेपर परत द्या," तो म्हणाला. "निष्कर्ष चुकीचा आहे. मला माहीत नव्हतं, पण चुकीचा आहे. नावं मात्र मीच घातली. आमच्याकडे नाव राहिलं की माणूस तुटतो हो."

बाईंनी चष्मा काढला आणि त्या चक्क हसल्या.

"लेखकांची चौकशी करताना खरा निकाल सापडला, असं माझ्याकडे पहिल्यांदाच झालं. तुम्ही स्वतःहून पेपर मागे घेताय, तेव्हा कॉलेजला कळवण्याचं कारण उरलं नाही. पुढच्या पावसाळ्यात प्रयोग पुन्हा करा. मोटरला कुलूप लावा. लेखक एकच, बाकी सगळे आभारात."

"आभारात माजा नाव हाय ना?" आत्याने विचारलं.

"सगळ्यात वर!" बाई म्हणाल्या आणि स्क्रीन काळी झाली.

कल्पेशने इतका लांब श्वास सोडला, की खुशी दचकली. वाचलो! नोकरीची आशा शाबूत, शेतकरी शाबूत, आत्यासुद्धा शाबूत! दिपिकाने चहा ठेवला. 'मी सांगितलं होतं' हे तिने फक्त कपबश्या आपटून सांगितलं.

"चला दादा, आता सरप्राइज!" मितेश म्हणाला. "नाक्यावर बॅनर लागला पण!"

कल्पेश चप्पल न घालताच धावला. नाक्यावर विजेच्या दोन खांबांना बांधून भलामोठा बॅनर फडफडत होता. 'खाऱ्या पाण्यावर मात! थोर शास्त्रज्ञांचे हार्दिक अभिनंदन!' गॉगल लावलेले काका, गजरा माळलेली आत्या, बाइकवर मितेश, दिपिका, फुगा धरलेली खुशी, प्रत्येकाच्या फोटोखाली ठळक नाव. खाली शुभेच्छुक म्हणून अख्खी आळी. कल्पेशने वरपासून खालपर्यंत पाहिलं. पुन्हा पाहिलं.

मागून धापा टाकत मितेश आला आणि त्याने जीभ चावली. "आयला, दादा! तुझंच नाव राहिलं! थांब, आत्ता कोपऱ्यात स्टिकर मारतो!"

"खबरदार!" कल्पेश ओरडला आणि त्याला कडकडून मिठी मारली.