कागदावरची टेकडी

“दांडाच धरायचाय ना? मी धरते! भूगोलात पहिला वर्ग काय उगाच मिळाला?” सूनबाईंनी जाहीर केलं, आणि मोजणीदाराला नाही म्हणायची सोयच उरली नाही. त्याचा दांडेवाला तापाने फणफणला होता आणि घराच्या परवानगीचा अर्ज प्लॉटच्या नकाशासकट त्याच दिवशी पाचच्या आत द्यायचा होता. चुकला की गेला पुढच्या वर्षावर! म्हणजे आणखी वर्षभर भाड्याच्या दोन खोल्या, जिथे दीड वर्षाचं पिल्लू सिलिंडर आणि कपाट यांच्या फटीत चालायला शिकत होतं.

काम तसं सोपं. आकडे लिहिलेला उंच दांडा खुणेच्या जागी जमिनीवर टेकवायचा. मोजणीदार लांबून दुर्बिणीत आकडा वाचणार, आणि त्यावरून जमीन कुठे उंच, कुठे सखल ते कागदावर उतरणार.

पहिल्या आठ खुणा झकास झाल्या. प्लॉटच्या मधोमध मात्र छातीएवढं गवत! गवत म्हटलं की साप, आणि इथे तर कडेवर पिल्लू! सूनबाईंनी बांधाजवळचं रिकामं पिंप पायानेच गडगडवत आणलं, उपडं घातलं, पिल्लासकट त्यावर चढल्या आणि दांडाही पिंपावरच टेकवला.

“वहिनी, दांडा नीट टेकलाय ना?” मोजणीदाराने लांबून विचारलं; गवतातलं पिंप त्याला दिसत नव्हतं.

“अगदी घट्ट!”

त्यात खोटं काय होतं? पुढच्या सहाही खुणांवर पिंप हिंडलं.

दुपारी नकाशा तयार झाला. नवऱ्याने तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. “आपल्या प्लॉटवर टेकडी?”

“पावणेतीन फूट,” मोजणीदार म्हणाला. “वीस वर्षं मोजतोय, साहेब. आकडा खोटं बोलत नाही.”

सासऱ्यांनी कागद हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. “तरीच! तिथून चालताना मला दम लागतो, तर तुम्ही म्हणायचात वय झालं!”

सूनबाई घाईने पुढे आल्या. “अहो, ऐका ना, ते पिंप...”

“पिंपाचं नंतर बघू! चार वाजले!” नवऱ्याने स्कूटरला किक मारली.

अर्ज वेळेत पोचला. पंधरा दिवसांनी कचेरीचं पत्र आलं: आधी टेकडी काढा, काढलेली माती तपासणीच्या साहेबांना दाखवा, मगच परवानगी.

त्या संध्याकाळी सूनबाईंनी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. “आता चूक कबूल केली, तर अर्ज गेला पुढच्या वर्षावर!” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने गवत कापून घेतलं आणि शेजारी खोदकाम चाललेल्या विहिरीची दोन ट्रॉली माती आणून प्लॉटच्या कोपऱ्यात ओतली.

साहेब आले. सपाट जमीन पाहिली, ढिगाऱ्याला बुटाने टोचून पाहिलं. “भरीव होती हो टेकडी!” म्हणाले आणि सही ठोकली.

आता मात्र सूनबाईंना राहवेना. “साहेब, खरं सांगू? टेकडी नव्हतीच. सापाच्या भीतीने मी दांडा पिंपावर...”

साहेबांनी शांतपणे पेनला टोपण लावलं. “बाई, टेकडी काढल्याची सही केलीये मी. नसलेली टेकडी मी काढायला लावीन का?”

परवानगीचा कागद हातात आला. नवऱ्याने सुस्कारा सोडला, सूनबाईंनी पिल्लाला घट्ट कवटाळलं. सासरे तेवढे ढिगाऱ्याशी उदास उभे होते.

“मी म्हणतो, काढायची घाई कशाला केलीत?” ते हळहळले. “तिच्यावरच घर बांधलं असतं, तर वारा तरी आला असता!”