बिनधुराची चूल

परसातली चूल मोडू द्यायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. या वयात एका बाईने एक चूल राखली तर अख्ख्या कुंभकोणम गावाचं काय बिघडतं? पण नाही. माझं सुखाने काही चाललं की लोकांच्या पोटात दुखतं.

झालं असं, मागल्या वर्षी सासूबाईंच्या श्राद्धतिथीला चुलीचा धूर भिंतीपलीकडे गेला आणि शेजारच्या धनलक्ष्मीने दोरीवर टाकलेली नवऱ्याची पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं नेसायचं धोतर, करडी झाली. (ती आधीही फार पांढरी नव्हती. मी स्पष्ट बोलते.) तिने माझ्या मुलाला, हरिकृष्णाला, रस्त्यात गाठलं. हरिकृष्ण बँकेत मॅनेजर. तिथे कोणी ऐकत नाही, म्हणून हुकूम घरी येऊन सोडतो.

"अम्मा, यंदा तिथीला धूर झाला तर चूल फोडायची. त्या जागी वॉशिंग मशीन येणार. सुष्मिताने बघूनसुद्धा ठेवलंय."

सुष्मिता म्हणजे सून. ती काही बोलली नाही. ती कधीच बोलत नाही; तिचं सगळं आपोआप होतं.

"धूर चुलीचा नसतो रे," मी म्हटलं, "पेटवणाराचा असतो."

"पेटवतं कोण?" पेपराआडून आमचे हे म्हणाले. (वर्षभर मुके. बोलतात तेव्हा नेमकं नको ते.)

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. तमिळ दुकानांच्या पाट्या वाचून शिकले, नागरी पोथीवरून, इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवरून. मला चूल शिकायला कोण अडवणार? फोनवर व्हिडिओ बघताना एक दाढीवाला गोरा सापडला. बर्फात बसून लाकडं जाळणे हा त्याचा धंदा. त्याच्याकडून सगळं घेतलं. लाकूड मनगटाएवढं फोडायचं. आडवं-उभं रचून मधून वारा खेळता ठेवायचा. राख रोज काढायची. आग वरून लावायची, खालून नाही. म्हणजे धूर वर येतानाच जळतो, आणि मागे ठेवलेलं जाड लाकूड सावकाश, पुष्कळ वेळ जळत राहतं. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे लाकूड ठणठणीत कोरडं हवं. दोन लाकडं एकमेकांवर आपटली की टाळासारखी वाजली पाहिजेत.

सुरूची लाकडं मी पोंगलपासून गच्चीवर वाळवली. पाऊस आला की हरिकृष्णाची चादर लाकडांवर. (त्याला सर्दी झाली तर डॉक्टर आहे. लाकडांना कोण आहे?) मग एक दिवस धनलक्ष्मीला बोलावून तिच्यासमोर चुलीवर कॉफी केली.

"मामी, धूर कुठाय?"

"शोध!" मी म्हटलं.

त्यानंतर गल्लीत भेटेल त्याला मी कोरड्या लाकडाचं महत्त्व सांगत सुटले. लोक मला पाहून रस्ता ओलांडू लागले, पण ज्ञान दिल्याशिवाय मी कोणाला सोडलं नाही.

तिथीचा दिवस आला. उजाडायच्या आत न्हाऊन, ओलेत्याने सोवळ्यात परसात गेले. आदल्या संध्याकाळीच लाकडं चुलीपाशी देवळाच्या गोपुरासारखी रचून ठेवली होती. आणि गोपुराच्या शिखरावर कावळा! मला बघून उडाला, पण जाताना आपलं काम उरकून गेला. वरपासून खालपर्यंत.

आता ती लाकडं तशीच लावू? सासूबाईंच्या तिथीला? त्या वरून खाली उतरल्या असत्या! विहिरीचं पाणी काढलं, काथ्या घेतला आणि एकेक लाकूड घासून, खळखळून धुतलं. बादल्यांवर बादल्या ओतल्या.

सुष्मिता मागच्या दारात येऊन म्हणाली, "अम्मा, ती लाकडं..."

"सोवळ्यात आहे मी! बोलायचं नाही!"

गेली बिचारी.

लाकडं रचली. वारा ठेवला. जाड लाकूड मागे. दाढीवाल्याचं स्मरण करून वरून काडी लावली.

चूल आधी शिंकली. मग फुसफुसली. मग परसात ढग उतरला. मला माझे हात दिसेनात. पलीकडून "ऐयो मामी!" अशी किंकाळी आणि पळत्या पावलांचा आवाज. (वेष्ट्या आत चालल्या होत्या.) आत भटजी खोकत खोकत मंत्र म्हणत होते. डोळे पुसत म्हणाले, "सासूवर एवढी माया अलीकडे बघायला मिळत नाही. सगळं घर रडतंय."

मी बाहेरून गरजले, "लाकूडवाल्याने ओलं लाकूड गळ्यात मारलं! चोर मेला!"

"अगे, वाळलं होतं की," आमचे हे आत श्राद्धाच्या पाटावरून म्हणाले. "मग तू त्याला न्हाऊ घातलंस ना?"

मी हातातल्या लाकडाकडे पाहिलं. त्यातून पाणी गळत होतं.

"मग कोणी सांगायचं नाही?"

"सोवळ्यात बोलायचं नाही म्हणालात," दारातून सुष्मिता म्हणाली. ती न्हालेली होती, सोवळं नेसलेली होती, आणि आत गॅसवर भात, वडे, पायस सगळं तयार होतं. सांगितलं ना, तिचं आपोआप होतं.

आता माझा सगळा भरवसा कावळ्यावर. सासूबाई जिवंतपणी गॅसवरची कॉफी तोंडाला लावत नसत. माझ्या चुलीवरच्या भातालासुद्धा दरवर्षी ताटकळत ठेवतात. हात जोडून चुकलं-माकलं म्हणावं तेव्हा कावळा उतरतो. गॅसचा भात? शिवणारच नाहीत. चूल वाचली!

सुष्मिताने भिंतीवर पान मांडलं. हात मागे घ्यायच्या आत कावळा हजर. भात खाल्ला, वडा खाल्ला, पायस टिपलं आणि आणखी आहे का म्हणून मान वाकडी करून सुनेकडे बघत बसला. कावळा सकाळचाच होता. मी त्याला ओळखलं.

हरिकृष्णाने तिथेच उभ्या उभ्या गवंड्याला फोन लावला. माझ्याशी बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

त्याच आठवड्यात गवंडी आला. आता चुलीच्या जागी ते पांढरं धूड उभं आहे. परवा सुष्मिता मला त्याची बटणं दाखवत होती. "अम्मा, यात कपडे धुऊन, वर वाळूनसुद्धा निघतात."

आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला.

"मग उरलेली लाकडं यातच टाका की."