कंप्रेसरची विचारपूस

सुकलालनाना कंप्रेसरचा फोटो काढण्याआधी स्वतःचे केस विंचरतात. फोटो कंप्रेसरचा, भांग नानांचा. का म्हणून विचारलं तर म्हणतात, "तो आपल्याकडे बघतो ना भो."

पिंप्राळ्यात नानांचं घर आमच्या घराला लागून. कचेरीतून निवृत्त झालेली माणसं देवदर्शनाला निघतात. नाना कापसाची जिनिंग, तेलगिरण्या आणि बर्फाचे कारखाने पालथे घालतात. पिशवी धरायला मी. तिथं गेल्यावर बाकी कशाकडे ढुंकून बघत नाहीत. हवा दाबून भरणारं ते जुनं लोखंडी धूड कुठं आहे, एवढंच विचारतात. ते कायम मागच्या अंगाला, वेगळ्या खोलीत असतं, कारण आवाज फार करतं. "सारा कारखाना याना हवावर चालस," नाना दरवेळी म्हणतात, "आन् यालेच घरबाहेर ठेवतस."

गेल्या गेल्या फोटो काढायचा नाही, हा त्यांचा नियम. आधी त्या खोलीची कौलं, खिडकी, उंबरा डोळे भरून बघायचा. मग स्टूल मागवून त्याच्याजवळ बसायचं. "काय भो, बरा शे ना?" असं विचारून नाना थांबतात. कंप्रेसर चालू असला तर उत्तर इतकं जोरात येतं की माझे कान दुखतात. बंद असला तर आम्हाला जास्त वेळ बसावं लागतं.

नाना घोरतात, हे सांगायचं राहिलंच. साधंसुधं नाही; आमच्या मांडणीतली भांडी वाजतात. शेवटी मुलानं त्यांना गच्चीवर पत्र्याची खोली बांधून दिली. जेवणाचं ताट वर जातं, नाना वरच राहतात. पुन्हा खाली, घरात झोपायला मिळावं एवढंच त्यांचं मागणं. रोज सकाळी सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं मला वरून विचारतात, "काल घोरलो का रे?" मी बेधडक नाही म्हणतो. सून हसते आणि ताट वर पाठवते.

मध्यंतरी धुळ्याच्या एका बंद जिनिंगला गेलो. नानांनी आदल्या दिवशी फोन केला होता, "उद्या त्याला भेटायला येतो." गंजलेला म्हातारा बघायला मिळणार म्हणून स्वारी खुशीत होती. दार उघडलं तर कंप्रेसर हिरवागार. शेजारी राखणदार ब्रश घेऊन उभा, मिशीलाही हिरवा रंग. "पाव्हणा येणार, म्हणीसन रंग मारी टाका," तो म्हणाला.

आता नाना भडकणार, असं मला वाटलं. नाना पुढे गेले आणि त्यांनी त्या ओल्या रंगाला गाल टेकवला. फोटो काढायचं विसरूनच गेले. परतीच्या एसटीत सगळे त्यांच्या हिरव्या गालाकडे बघत होते आणि नाना पारोळ्यापर्यंत एकच म्हणत होते, "त्याच्यासाठी कोणीतरी रंग आणला रे." मला हसू येत होतं, मग ते येईनासं झालं.

परवा मी हिरव्या रंगाचा डबा घेऊन नानांच्या गच्चीवर गेलो आणि पत्र्याच्या दाराला रंग द्यायला लागलो. नाना खाटेवर उठून बसले.

"कोणी येणार शे का?"

"आलाय की," मी म्हणालो. "मी."

नानांनी उशाखालून कंगवा काढला.