प्रयागआत्याचा खेकडा

माझ्या प्रयागआत्याशी वाद घालायला बसलात, की तिसऱ्या वाक्याला ती म्हणणारच, "का? म्या काय बेल उचललाय व्हय?"

बाहेरगावच्या माणसाला सांगतो. आमच्याकडं अणदूरच्या खंडोबापुढं बेल आणि भंडारा हातात घेऊन शब्द दिला, की तो मोडत नाहीत. कोर्टात शपथा मोडणारी माणसं मी ढिगानं बघितलीत, बेलभंडाऱ्याची मोडणारा अजून भेटायचाय. तर आत्याचं म्हणणं असं, की बाईमाणसानं हे करू नये, ते करू नये म्हणून लोक सांगतात. पण तसा बेल काय मी उचललेला नाही, सबब मी करणार. ह्या एका वाक्याच्या जोरावर ती ट्रॅक्टर शिकली. नवऱ्याच्या आधी जेवायला बसायला लागली. एकदा गावच्या बैठकीत कुणीतरी "खुर्च्या गड्यांसाठी हायत, बायकांनी सतरंजीवर बसा" म्हणालं, तर घरी जाऊन स्वतःची खुर्ची डोक्यावर घेऊन आली आणि सगळ्यांच्या पुढं मांडून बसली. बैठक कशाची होती हे आज कुणाला आठवत नाही, खुर्ची सगळ्यांना आठवते.

आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ह्याच वाक्यावर ती व्हिडिओ गेम खेळायला लागली.

माझं नळदुर्गला हायवेच्या कडेला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळी झाल्यावर एका सकाळी आत्या जीपमधनं उतरली, पिशवीतनं माझ्यासाठी गवारीच्या शेंगा काढल्या, शेंगांखालनं एक काळी वस्तू काढली आणि काउंटरवर आपटली.

"ह्यो खेकडा बघ जरा. एक नांगी बसलीय."

खेकडा म्हणजे गेम खेळायचा कंट्रोलर. दोन हातांत धरायचा, अंगठ्यांनी दांड्या फिरवायच्या, बटणं दाबायची. आत्यानं त्याचं बारसं पहिल्याच दिवशी केलं आणि खरं सांगतो, आता मलाही तो खेकडाच दिसतो.

अणदुरात हा खेकडा आला कुठनं? आत्याची लेक शीतल पुण्याला कंपनीत लागली, तेव्हा पहिल्या पगारात तिनं गेमचं यंत्र घेतलं आणि सुट्टीत आणून घरच्या टीव्हीला जोडलं. पाच वर्षांपूर्वी तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तेही जातीबाहेर. मामांनी (आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात) घरात तिचं नाव बंद केलं. भिंतीवरचे फोटो उतरले. मी तिला दोनदा फोन केला, मग माझाही थांबला. त्याची लाज मला आजही वाटते. यंत्रसुद्धा मामा उकिरड्यावर टाकायला निघाले होते. आत्या आडवी आली. "यंत्रानं काय केलं? त्यानं लावलं का लगीन?"

मग एक दिवस तिनं ते सुरू केलं. गेम कुठला, तर स्वयंपाकाचा! पडद्यावर एक स्वयंपाकघर असतं. दोन स्वयंपाकी. एक आपण, दुसरा कुठनं तरी इंटरनेटवरनं येतो. वर ऑर्डरी येत राहतात, त्या वेळेत पुऱ्या करायच्या, नाहीतर भांडी जळतात. आत्या पडद्यावर एक ढेरपोट्या गडी झालेली असायची आणि तिच्या जोडीला रोज एक मांजर यायची, डोक्यावर पांढरी टोपी घातलेली. मला वाटायचं, कुठं परदेशात बसलेला कुणी रिकामटेकडा असेल.

शेजारची मथुराबाई म्हणाली, "जन्म चुलीपुढं गेला तुझा, आता टीव्हीत बी सैपाकच करायलीस?"

"ह्या सैपाकाला मीठ कमी म्हणून कुणी ताट सारत न्हाय," आत्यानं तोंडावर सांगितलं.

खरी अडचण मिठाची नव्हती, अंगठ्याची होती. बारा वर्षांपूर्वी कडबा कुट्टीच्या मशीननं आत्याच्या उजव्या हाताचा अंगठा अर्धा खाल्ला. आणि खेकड्यावरची निम्मी कामं उजव्या अंगठ्याची.

"पाणी आण, भांडी धू, ताट उचल, एवढंच जमतंय मला," ती म्हणाली. "चिरायचं बटन अंगठ्याखाली हाय आन् अंगठा हाय कुट्टीत. सगळं ती मांजरच चिरती. म्या नुसती भांडी घासायची. आता तेवढं बी जमंना, ही नांगी बसल्यापासनं."

नांगी मी दुरुस्त केली. पण माझी जीभ कुठं गप्प बसते! बोलून गेलो, की महागातला एक खेकडा मिळतो, त्याला मागच्या बाजूला चार पट्ट्या असतात. कुठलंही काम कुठल्याही बोटाला लावून देता येतं.

आत्या गवारीची पिशवी झटकत होती, ती थांबली. "म्हंजी चिरायचं काम ह्या बोटाला लावता येतंय?" तिनं मधलं बोट नाचवलं.

"येतं की. पण आत्या, तेवढ्या पैशात दोन शेळ्या येतील."

"शेळ्या कांदा चिरत्यात का?"

झालं. पुढचा महिनाभर मला धंदा सुचू दिला नाही. घ्यायचा का नाही घ्यायचा, ह्याच्यावर रोज सकाळी सातला फोन. कणकेचा हात लागला तर चालतो का? मुंग्या शिरतात का? पडला तर फुटतो का दबतो? तिच्यातली शेतकरीण काही आंधळेपणानं जनावर दावणीला बांधून घेणारी नव्हती. मी मनातनं विरोधातच होतो. म्हातारपणी बाईला खूळ लागलंय आणि काडी मी लावलीय, असं माझी बायको मला दिवसातनं दोनदा ऐकवत होती.

एका सकाळी विचारलं, "त्याला बोलायचं भोक हाय का?"

"माइकचं? आहे की! हेडफोन लावला की समोरच्याशी बोलता पण येतं."

"मग नको."

"अगं, नाही वापरलं तर झालं!"

"भोक असलं की माणूस कवातरी बोलतंच," आत्या म्हणाली. "बुजवता येतंय का, तेवढं सांग."

पंधरा वर्षं दुकान चालवतोय, असं गिऱ्हाईक मला मिळालं नव्हतं. लोक आवाज येत नाही म्हणून भांडायला येतात.

मामांचा ह्या सगळ्याला विरोध होता आणि तो पाठीनं चालायचा. आत्या खेळायला बसली, की ते वसरीत, म्हणजे बाहेरच्या ओसरीवर, खुर्ची टाकून टीव्हीकडं पाठ करून पेपर धरायचे. एकदा मी गेलो, तर मला म्हणाले, "समजाव तुझ्या आत्याला. ह्या वयात माळ धरायची का खेकडा?"

आतनं लगेच आवाज, "टीव्ही बघणार न्हाय असा बेल न्हाय उचलला म्या!"

मामांनी पेपर घडी केला आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेले. एरवी ते शब्दाला शब्द देणारे. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

शेवटी आम्ही सोलापूरला गेलो. दुकानातला पोरगेला सेल्समन डबा उघडायला तयार होईना. "आजी, वरती फोटो आहे ना."

"डब्यावरचा फोटो बघून तुझं लगीन लावलं तर चालंल का?"

डबा उघडला. आत्यानं खेकडा आधी तळहातावर तोलला, मग माठ वाजवतात तसा बोटानं वाजवून कानाशी नेला. पट्ट्या दाबून बघितल्या. एक पट्टी मधल्या बोटाखाली बरोबर बसली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. सेल्समननं दांड्या उपसून दाखवल्या, डब्यात बदलायला जादाच्या दांड्या दिल्या होत्या, उंच, बुटक्या, खोलगट.

"हे काय?"

"अंगठ्याला सोयीची पडेल ती लावायची, आजी."

आत्या खो खो हसली. "बघ रं संजा! खेकड्याला जादाचे अंगठे दिलेत. मला एक बी जादा दिला न्हवता देवानं!" आणि तो अर्धा अंगठा तिनं सेल्समनपुढं धरला. पोरगं बिचारं कावरंबावरं झालं, त्यानं न मागता डब्यावर एक थैली फुकट दिली.

मी बाहेर येऊन शेवटचं सांगून बघितलं. "आत्या, अजून विचार कर. एका कांद्यापायी!"

"दोन शेळ्या येतील म्हणाला होतास न्हवं? मग दोन शेळ्या गेल्या. परवाच इकल्या. चल, आत जाऊन डबा आण."

दुसऱ्या दिवशी दुपारी अणदूरला खेकडा जोडायला गेलो. आत्यानं आधी चिमूटभर कणीक घेतली आणि माइकच्या भोकात दाबून बसवली. वर बोट फिरवून लिंपलं. वॉरंटी गेली, मी म्हणालो. जाऊ दे, म्हणाली. मी चिरायचं काम मागच्या पट्टीला लावून दिलं. वसरीत मामांची पाठ होतीच.

खेळ सुरू झाला. टोपीवाली मांजर आली आणि रोजच्या सवयीनं थेट कांद्याच्या फळीकडं गेली. आत्याच्या ढेरपोट्या गड्यानं तिला ढकललं! मांजर परत आली. परत ढकललं. तिसऱ्यांदा आली, तसा आत्याचा गडी फळीच्या आडवा उभा राहिला आणि कांदा चिरायला लागला. खट् खट् खट् खट्. मधलं बोट काय चालत होतं! मांजर थोडी मागं सरली आणि जागच्या जागी थांबली.

"आत्या, ती का थांबली? ऑर्डरी जळायल्यात!"

"जळू दे. तिला बसू दे."

"पण हरशील ना! कोण आहे तरी कोण ती?"

आत्यानं पडद्यावरची नजर काढली नाही. "बेल म्या जन्मात एकदाच उचललाय, संजा. तुझ्या मामानं उचलला आन् मला बी उचलाय लावला. शीतलसंगं बोलणार न्हाय म्हणून. पाच वर्सं झाली, एक सबूद बोलले न्हाय म्या. भोकात कणीक कोंबली, बघितलंस तू. पर संगं सैपाक करणार न्हाय, असा बेल कुठं उचललाय?"

माझ्या अंगावर काटा आला. मी टोपीवाल्या मांजरीकडं नव्यानं बघितलं.

"आपला देव काय करतो? वर्साचे दोनेक म्हैने नळदुर्गाला जाऊन ऱ्हातो, बाकीचे हितं," ती म्हणाली, आवाज आता वसरीपर्यंत जाईल असा चढला होता. "देवाला दोन गावं चालत्यात. आन् माझ्या लेकीला दोन घरं चालत न्हाईत व्हय?"

वसरीत पेपर वाजला नाही.

"यंत्र तिचंच, म्या चालू केलं की तिकडं तिला कळतंय. आन् माझा अंगठा न्हाय ते बी ठावं हाय तिला," आत्याचा आवाज खाली आला. "म्हणून दोन वर्सं झाली, तीच चिरायलीय. मी आपली भांडी घासतीय. पर तूच सांग, माहेरपणाला आलेली लेक कांदा चिरती का रं?"

पडद्यावर एक पातेलं जळालं, मग दुसरं. आत्यानं एकटीनं कांदा चिरला, शिजवला, ताट वाढलं, नेऊन ठेवलं. मांजर कोपऱ्यात उभीच होती, फळीकडं परत गेली नाही. तिला कळलं होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी वायरी तपासायचं निमित्त करून टीव्हीमागं गेलो.

डाव संपला. हरल्या दोघी, सपशेल हरल्या. "पुन्यांदा," म्हणून आत्यानं बटण दाबलं.

तेवढ्यात वसरीतली खुर्ची सरकली. मामा ती उचलून आत घेऊन आले, आत्याच्या शेजारी मांडली आणि टीव्हीकडं तोंड करून बसले. खिशातनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, डोळ्यांवर चढवला.

"ह्यातली ती कंची?"

"टोपीवाली मांजर," आत्या म्हणाली.

मामांनी मांजरीकडं बराच वेळ बघितलं.

"वाळलीय की गं," ते म्हणाले.